आफ्रिकेंतील सफर किती दिवसांची असावी?

आफ्रिकेंतील वन्य जनावरें पाहावयास जाण्याचा बेत ज्या घरांत ठरतो, त्या घरांत लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो, आणि तो म्हणजे किती दिवस जावयाचें हा होय. जावें कीं नाहीं याचें उत्तर हौस देते. किती दिवस याचें उत्तर बहुधा रजेचा अर्ज आणि बँकेचें पुस्तक हीं दोन मिळून देतात. त्यांत गैर असें कांहीं नाहीं. परंतु रजा आणि पैसा यांच्या योगानें एकंदर दिवसांची मर्यादा तेवढी ठरते. ते दिवस कसे वांटावे हें त्यांना सांगतां येत नाहीं. आणि आयुष्यांत बहुधा एकदांच घडणाऱ्या, पुष्कळ वर्षांच्या शिलकेला हात घालावयास लावणाऱ्या या प्रवासाचें सार्थक होणें न होणें बव्हंशीं त्या वांटणीवरच अवलंबून असतें. आठ दिवसांत सिंह, हत्ती, चित्ते डोळे भरून पाहून परतलेलीं कुटुंबें आहेत. तशींच पंधरा दिवस हिंडून मुख्यतः मोटारीच्या खिडक्यांची माहिती घेऊन आलेलीं कुटुंबेंही आहेत.

‘सफारी’ हा शब्द पूर्व आफ्रिकेंतील स्वाहिली भाषेंतला असून त्याचा अर्थ ‘प्रवास’ एवढाच आहे. त्याचें मूळ अरबींत. मराठींत रूढ असलेला ‘सफर’ हा शब्दही त्याच कुळांतला. शिकारीचा किंवा जनावरांचा त्याच्याशीं मुळांत कांहीं एक संबंध नव्हता. तो गोऱ्या शिकाऱ्यांच्या काळीं जोडला गेला. त्या काळीं मुदतीचा प्रश्नही निराळाच होता. अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट १९०९ च्या एप्रिलांत मोंबासा बंदरीं उतरले, ते शेंकडो हमालांच्या तांड्यासह फिरत फिरत १९१० च्या मार्चमध्यें खार्टूमला पोंचले. म्हणजे जवळ जवळ अकरा महिने झाले. आणि त्यांना निदान आरंभीं आगगाडी तरी मिळाली होती. हिंदुस्थानांतून नेलेल्या हजारों मजुरांच्या श्रमांनीं १८९६ ते १९०१ या काळांत बांधला गेलेला तो लोहमार्ग नसता, तर किनाऱ्यापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत पायीं जाण्यांतच कित्येक आठवडे मोडले असते.

हल्लीं मुंबईहून थेट निघालेलें विमान सुमारें सहा तासांत केनियाच्या राजधानींत, नैरोबींत, उतरतें. घड्याळ अडीच तास मागें सारलें कीं झालें. अमेरिकेंतून येणाऱ्या प्रवाशाला झोपेची विस्कटलेली घडी पुन्हा बसविण्यांत पहिले एकदोन दिवस घालवावे लागतात, तसे इकडच्या प्रवाशाला घालवावे लागत नाहींत. तेव्हां परदेशी मार्गदर्शक पुस्तकांत दिलेले दिवसांचे हिशेब जसेच्या तसे उचलण्याचें कारण नाहीं. हा फायदा खराच. पण या सहा तासांनींच पुष्कळांची फसगतही होते. नैरोबीला पोंचणें म्हणजे अरण्यांत पोंचणें नव्हे. शहराच्या अगदीं कडेला ११७ चौरस किलोमीटरचें एक राष्ट्रीय उद्यान आहे आणि तेथें सिंह व गेंडेही आहेत, हें खरें. परंतु ज्यासाठीं माणूस समुद्र ओलांडून येतो तीं मोठीं अरण्यें तेथून दूर आहेत.

किती दूर, हें नकाशावरून कळत नाहीं. मसाई मारा हें केनियांतील विख्यात राखीव अरण्य नैरोबीपासून अडीचशें किलोमीटरांच्या आसपास. मुंबईकराला हें अंतर कांहींच वाटत नाहीं. पण डांबरी सडक संपल्यावर पुढला रस्ता खडबडीत, आणि एकंदर पांचसहा तास सहज जातात. टांझानियांत आरुशा गांवाहून सेरेंगेटीच्या मध्यभागीं, सेरोनेरा येथें जावयाचें तर तीनशेंहून अधिक किलोमीटर आणि सात ते आठ तास. सेरेंगेटीचा विस्तारही ध्यानांत घेण्याजोगा आहे. तो १४,७६३ चौरस किलोमीटर, म्हणजे पुणें जिल्ह्याहून थोडासाच कमी. एवढ्या प्रदेशांत एका दिवसांत ‘सेरेंगेटी पाहिलें’ असें म्हणणें म्हणजे लोणावळ्यास चहा घेऊन पुणें जिल्हा पाहिला असें म्हणण्यासारखेंच होय.

आतां मुख्य मुद्दा. सफरीची लांबी दिवसांनीं मोजूं नये. ती पहांटांनीं मोजावी. सिंह दिवसाचे सोळा ते वीस तास झोपेंत किंवा लोळण्यांत काढतो. बिबट्या मुख्यतः रात्रीं फिरणारा. तरस उन्हाला कंटाळतो. दिवसां शिकार करणारा चित्तासुद्धां भर दुपारीं सावली सोडीत नाहीं. उजाडल्यापासून सकाळचे तीन तास आणि मावळण्यापूर्वींचे दोन तास हेच काय ते पाहण्याचे तास. विषुववृत्त जवळच असल्यामुळें सूर्य बारा महिने साडेसहाच्या मागेंपुढें उगवतो आणि सायंकाळीं त्याच सुमारास मावळतो; उन्हाळ्यांत दिवस मोठा मिळेल ही आशाही तेथें नाहीं. राष्ट्रीय उद्यानांत रात्रीं मोटार फिरविण्याची साधारणतः बंदी असते. म्हणून ज्या पहांटे प्रवासी अरण्याच्या आंत आहे, आणि त्या दिवशीं त्याला दुसरीकडे कोठें जावयाचें नाहीं, तीच पहांट जमेस धरावी.

हिशेब असा मांडला म्हणजे एक सोपा नियम हातीं लागतो. एका ठिकाणीं जितक्या रात्री मुक्काम, त्यांतून एक वजा केली असतां जी संख्या उरते तितक्या मोकळ्या पहांटा. एका रात्रीच्या मुक्कामांत शून्य. कारण त्या पहांटे पेट्या बांधावयाच्या असतात, न्याहारी उरकावयाची असते, आणि ड्रायव्हर घड्याळाकडे पाहत उभा असतो. पांच ठिकाणीं पांच रात्री काढणाऱ्याला एकही मोकळी पहांट लाभत नाहीं. त्याच पांच रात्री दोन ठिकाणीं काढल्या तर तीन लाभतात. पैसा तोच, रजा तीच.

प्रवास कंपन्यांच्या पत्रकांत नेहमीं आढळणारा सहा रात्रींचा एक कार्यक्रम घ्यावा. पहिली रात्र नैरोबींत, दुसरी अंबोसेली येथें, तिसरी नैवाशा सरोवराच्या कांठीं, चौथी नाकुरू येथें, पांचवी व सहावी मसाई मारा येथें, आणि सातव्या दिवशीं परत नैरोबी व घरचें विमान. पत्रकांत चार अरण्यांचीं व सरोवरांचीं रंगीत चित्रें असतात, त्यामुळें कार्यक्रम भरगच्च दिसतो. पण अंबोसेली दक्षिणेस आणि नैवाशा उत्तरेस. एकाहून दुसऱ्याकडे जातां पुन्हा नैरोबीवरूनच जावें लागतें. एकूण मोटारप्रवास हजार किलोमीटरांच्या वर जातो. आणि मोकळी पहांट? अवघी एक, ती मारांतली. त्याऐवजीं नैरोबींत एक, अंबोसेलींत दोन आणि मारांत तीन रात्री असा क्रम लावला तर तीन मोकळ्या पहांटा मिळतात. नैवाशा व नाकुरू हीं दोन नांवें मात्र यादींतून गेलीं, आणि तेवढें सोसण्याची पुष्कळांची तयारी नसते. परत आल्यावर शेजारच्यांना सांगावयाचीं नांवें कमी पडतात ना!

यादीचा हा सोस जनावरांच्या बाबतींतही असतोच. सिंह, बिबट्या, हत्ती, रानरेडा आणि गेंडा हे ‘पांच मोठे’ पाहिले म्हणजे सफर पुरी झाली अशी समजूत आहे. वास्तविक ही पंचायतन-निवड शिकाऱ्यांची. पायीं शिकार करतांना जीवावर बेतणारीं जनावरें कोणतीं, एवढाच तिचा अर्थ. जिराफ, चित्ता, पाणघोडा यांचा तींत समावेश नाहीं, आणि त्यांच्यासारखें प्रेक्षणीय दुसरें कोणतें?

एका जागीं राहण्याचा लाभ केवळ पहांटांच्या संख्येंत नाहीं. दुसऱ्या दिवशीं वाटाड्याला आदल्या संध्याकाळीं सिंहांचा कळप कोठें होता हें ठाऊक असतें, रात्रीं आवाज कोणत्या बाजूनें आला हें त्यानें ऐकलेलें असतें, आणि सकाळीं निघतांना तो मोटार नेमकी त्या ओढ्याकडे वळवितो. पहिल्या दिवशीं जे केवळ ‘सिंह’ होते, ते तिसऱ्या दिवशीं एक लंगडी सिंहीण, तिचे तीन छावे आणि दूर बसून राहणारा एक म्हातारा नर असे निरनिराळे ओळखूं येऊं लागतात. हा आनंद घाईच्या प्रवाशाच्या वांट्यास येत नाहीं.

शिवाय कांहीं देखावे असे आहेत कीं ते वाट पाहिल्याविना दिसतच नाहींत. सेरेंगेटी आणि मारा मिळून जो एक विशाल गवताळ प्रदेश होतो, त्यांत बारातेरा लाख विल्डबीस्ट आणि त्यांच्या जोडीनें लाखों झेब्रे व हरणें पावसामागून, म्हणजेच नव्या गवतामागून, वर्षभर फिरत असतात. जुलै ते ऑक्टोबर या महिन्यांत हे कळप उत्तरेकडे असतात आणि मारा नदी ओलांडतात. पाण्यांत मगरी असतात. कळप कांठावर जमतो, पुढले थबकतात, मागचे रेटतात. तीन तास असें चालतें आणि एकाएकीं सारा कळप तोंड फिरवून माघारीं जातो. कधीं उतरतील याची खात्री कोणताही वाटाड्या देत नाहीं. जो देतो त्याचेवर विश्वास ठेवूं नये.

येथें थोडें अंकगणित उपयोगी पडतें. समजा, योग्य ऋतूंत एका दिवसांत नदी ओलांडण्याचा प्रसंग दिसण्याची शक्यता तिनांत एक आहे. हा आंकडा केवळ उदाहरणादाखल घेतलेला आहे. तर एक दिवस राहणाऱ्याला तो दिसण्याचा संभव शेंकडा ३३. दोन दिवस राहणाऱ्याला शेंकडा ५६. तीन दिवसांत ७०. चार दिवसांत ८०. पांच दिवसांत ८७. म्हणजे दुसऱ्या दिवसानें २३ ची भर घातली, तिसऱ्यानें १४ ची, चौथ्यानें १० ची, आणि पांचव्यानें अवघी ७ ची. प्रत्येक दिवसाचा खर्च मात्र सारखाच. मारांत २०२४ च्या जुलैपासून परदेशी प्रौढ प्रवाशाला जुलै ते डिसेंबर या महिन्यांत दररोज २०० डॉलर आणि उरलेल्या सहा महिन्यांत १०० डॉलर प्रवेशशुल्क पडूं लागलें; त्यांत राहण्याजेवण्याचा खर्च धरलेला नाहीं. तेव्हां मोठ्या अरण्यांत तीन किंवा चार दिवस रहावें, असें जें जाणते लोक सांगतात त्याच्या बुडाशीं हाच हिशेब आहे, मग तो त्यांनीं कागदावर मांडलेला असो वा नसो.

अर्थात् सर्वच ठिकाणांना हें माप लावतां येत नाहीं. टांझानियांतील न्गोरोंगोरो हें विझलेल्या ज्वालामुखीचें विशाल मुख. भोंवतालच्या कडा सुमारें ६०० मीटर उंच, आणि तळ सुमारें २६० चौरस किलोमीटर. त्या तळांत सिंह, हत्ती, काळे गेंडे असे एकत्र सांपडतात कीं एकदां सकाळीं खालीं उतरून दुपारपर्यंत फिरलें म्हणजे पुरेसें होतें. तळांत मुक्काम करतां येत नाहीं. रात्र वर कडेवर, चांगल्या थंडींत काढावी लागते. नाकुरू तर १८८ चौरस किलोमीटरचें, सभोंवार कुंपण घातलेलें; तेथें दोन्ही जातींचे गेंडे दिसतात आणि एक दिवस पुरतो. अंबोसेलीला मात्र दोन रात्रींची गरज आहे, आणि ती हत्तींपेक्षां डोंगरासाठीं. किलिमांजारो हा ५,८९५ मीटर उंचीचा पर्वत सरहद्दीपलीकडे टांझानियांत उभा आहे. तो दिवसा बहुधा ढगांआड असतो आणि सूर्योदयाच्या वेळीं किंवा सायंकाळीं आपलें पांढरें मस्तक दाखवितो. एक संध्याकाळ ढगाळ गेली तर निदान दोन पहांटा तरी हाताशीं असाव्या.

युगांडांतील डोंगरी गोरिलांचें तर तंत्रच निराळें. ब्विंडीच्या दाट अरण्यांत परवाना घेऊन चढत उतरत जावयाचें. कधीं दोन तासांत गांठ पडते, कधीं अर्धा दिवस लागतो. आणि गांठ पडल्यावर जवळ थांबावयास मिळतो तो नेमका एक तास. एन्टेब्बे विमानतळापासून ब्विंडीला मोटारीनें आठनऊ तास लागतात. जाण्याचा एक दिवस, चढण्याचा एक, परतण्याचा एक. म्हणजे एका तासाला तीन दिवसांचें मोल पडतें. तो तास त्या मोलाचा आहे असें पाहून आलेले सांगतात, परंतु सात दिवसांच्या केनियाच्या सफरीला तो शेंपटासारखा जोडण्याचा हट्ट करूं नये.

तीच गोष्ट केनिया आणि टांझानिया हे दोन देश एका दमांत उरकण्याची. मारा आणि सेरेंगेटी यांच्यामध्यें कुंपण नाहीं. विल्डबीस्टाला सरहद्द ठाऊक नाहीं. माणसाला मात्र ती आहे. मारांतून सरळ सेरेंगेटींत जाणारी वाट प्रवाशांना बंद असल्यामुळें पश्चिमेकडे इसेबानियाच्या नाक्यावरून मोठा वळसा घ्यावा लागतो, मोटार व ड्रायव्हर बदलावे लागतात, आणि सबंध दिवस त्यांत जातो. बारा दिवसांहून कमी सवड असणाऱ्यानें एकच देश निवडावा, हें बरें. नदी ओलांडण्याचा देखावा सेरेंगेटीच्या उत्तर भागांतही दिसतो, आणि फेब्रुवारीच्या सुमारास त्याच अरण्याच्या दक्षिणेकडील आंखूड गवताच्या पठारावर बहुतेक सारीं वासरें दोनतीन आठवड्यांत जन्माला येतात. तेव्हां केवळ टांझानिया केल्यानें कांहीं हुकलें असें मानण्याचें कारण नाहीं.

दिवसांचा विचार ऋतूपासून तोडतां येत नाहीं. पूर्व आफ्रिकेंत मार्च ते मे हा मोठा पाऊस आणि नोव्हेंबर-डिसेंबरांत लहान पाऊस. महाराष्ट्रांतील शाळांची मोठी सुटी नेमकी मोठ्या पावसाच्या अखेरीस येते. मारांतील पुष्कळशी जमीन काळ्या कापसाच्या जमिनीसारखीच. ओली झाली कीं चाकें रुततात, आणि दोन तासांच्या वाटेला चार तास लागतात. म्हणून मे महिन्यांत जाणाऱ्यानें मुक्काम कमी आणि लांब ठेवावे, व प्रत्येक प्रवासाच्या दिवशीं दुसरें कांहीं ठरवूं नये. भाडीं त्या दिवसांत कमी असतात, गर्दी नसते, आणि हिरव्यागार माळावरील जनावरांची शोभा कोरड्या ऋतूंत दिसणार नाहीं अशी असते, हेंही सांगितलें पाहिजे. शाळा उघडण्यापूर्वींचा जूनचा पहिला आठवडा ज्यांना साधतो त्यांचें बरेंच काम सोपें होतें. दिवाळी ऑक्टोबरांत आली तर उत्तरेकडे राहिलेले कळप मिळण्याचा संभव असतो. नोव्हेंबरांत आली तर ते बहुधा दक्षिणेकडे वळलेले असतात.

फार लांब सफर करण्यांतही तोटा आहे, आणि त्याविषयीं पत्रकें मौन पाळतात. रोज पहांटे पांचला उठणें, धूळ, खाचखळगे, दुपारचें ऊन. आठव्या नवव्या दिवसापर्यंत तरुणही थकतात. साठी उलटलेल्यांच्या कमरेविषयीं तर बोलावयासच नको. पहिल्या दिवशीं झेब्रा दिसतांच मोटार थांबवा म्हणून ओरडणारीं मुलें दहाव्या दिवशीं जिराफाकडे मान वळवीत नाहींत. डोळा थकला म्हणजे अरण्यही शिळें होतें. म्हणून सातआठ रात्रींहून अधिक काळ सलग अरण्यांत काढूं नये, आणि काढावयाचाच असेल तर मध्यें दोन दिवस सरोवराकांठीं किंवा झांजीबारच्या समुद्रावर काढावे. मुलें बरोबर असतील तर प्रत्येक तीन दिवसांत एक सकाळ छावणींतच, मोटारीविना, जाऊं द्यावी.

मग नेमका आंकडा कोणता? पहिल्यानेंच जाणाऱ्या, मोटारीनें फिरणाऱ्या कुटुंबाला केनियासाठीं नऊ रात्री व दहा दिवस हा काळ सर्वांत सोयीचा दिसतो. पहिली रात्र नैरोबींत, अंबोसेलींत दोन, तेथून दिवसभराच्या प्रवासानंतर नैवाशा वा नाकुरू येथें दोन, त्यांतला पूर्ण दिवस विसाव्याचा, आणि शेवटीं मारांत चार. मारा शेवटीं ठेवण्याचें कारण हेंच कीं तेथला देखावा आधीं पाहिला तर पुढचीं ठिकाणें फिकीं पडतात. मोकळ्या पहांटा यांत पांच मिळतात. ज्यांना सहाच दिवस मिळतात त्यांनीं निराश होऊं नये. पण त्यांनीं रस्ता सोडून विमान धरावें. नैरोबींतील विल्सन विमानतळावरून लहान विमानें तासाच्या आंत माराच्या गवतांत उतरतात. सामान माणशीं पंधरा किलोच, तेंही मऊ पिशवींत, तिकीट महाग, परंतु जाऊन येऊन एक सबंध दिवस वांचतो आणि चार रात्री एकाच छावणींत राहून तीन मोकळ्या पहांटा पदरीं पडतात. वर सांगितलेल्या चार ठिकाणांच्या सात दिवसांपेक्षां हे सहा दिवस अधिक मोलाचे होत. पंधरा दिवस ज्यांच्याजवळ आहेत त्यांनींच दुसरा देश जोडावा. चार दिवसांचीच सवड असेल तर जाऊं नये, पुढील वर्षाची वाट पाहावी. ताडोबा तोंवर कोठें जात नाहीं.

दिवस ठरवितांना निघण्यापूर्वींचेही दहा दिवस हिशेबांत धरावे लागतात. केनियाहून हिंदुस्थानांत परत येणाऱ्याजवळ पीतज्वराची लस टोंचल्याचा दाखला असावा लागतो. ही लस ठराविक सरकारमान्य केंद्रांतच मिळते, आणि दाखला टोंचल्यापासून दहा दिवसांनीं ग्राह्य होतो. २०१६ पासून तो जन्मभर चालतो. हिंवतापाच्या गोळ्याही निघण्यापूर्वीं सुरू करून परतल्यावर कांहीं दिवस घ्यावयाच्या असतात. कोणत्या व किती, हें घरच्या डॉक्टरांना विचारून ठरवावें. दाखला नसलेल्या प्रवाशाला परत आल्यावर मुंबईच्या विमानतळावरून घरीं न सोडतां सहा दिवसांपर्यंत वेगळें ठेवतां येतें. रजेच्या अर्जांत हे सहा दिवस कोणीच लिहिलेले नसतात.